नावापुढची दोन अक्षरे

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हे तालुक्याचे गाव लागते. तेथील मेडिकल दुकानांतून आणि आसपासच्या खेड्यांतून तालुक्याला येणाऱ्या माणसांच्या पिशव्यांतून शुगरच्या, बीपीच्या, दम्याच्या, फिटच्या अशा रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांची जी पाकिटे फिरतात, त्यांतल्या पुष्कळ पाकिटांवर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल किंवा रिटार्ड अशी छोटी जोड छापलेली असते. घेणारा औषधाचे नाव पाहतो, मिलिग्रॅमचा आकडा पाहतो, किंमत तर पाहतोच; ही अक्षरे मात्र कंपनीच्या नावाचा एखादा तुकडा असावा तशी डोळ्यांखालून निघून जातात. वास्तविक औषध कोणते हे जसे नाव सांगते, तसे ते शरीरात किती वेळाने आणि किती वेगाने सुटायचे हे ही अक्षरे सांगतात. एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, ईआर आणि एक्सआर म्हणजे एक्स्टेंडेड रिलीज, सीआर म्हणजे कंट्रोल्ड रिलीज. तांत्रिक तपशिलात त्यांच्यात फरक असले, तरी या सर्वांचा समान अर्थ असा की ही गोळी आपल्या पोटातले औषध एकदम मोकळे न करता तासन्‌तास थोडे थोडे सोडत राहते. त्यामुळे अशा गोळीची घडण हा तिच्यातल्या औषधाचाच भाग असतो, आणि ती घडण मोडली की नाव व मिलिग्रॅम तेच राहूनही औषध बदलते.

हे समजण्यासाठी आधी साध्या गोळीचे काय होते ते पाहिले पाहिजे. भारतीय औषधकोशाच्या कसोटीनुसार लेप नसलेली साधी गोळी शरीराइतक्या कोमट पाण्यात १५ मिनिटांच्या आत विस्कटली पाहिजे. जठरात ती अशीच फुटते, तिचा चुरा विरघळतो, विरघळलेले औषध लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि बहुधा आधी यकृतातून गाळून मग सर्व शरीरभर पोहोचते. परंतु शरीर औषधाला पाहुण्यासारखे ठेवून घेत नाही. ते रक्तात आल्या क्षणापासून यकृत त्याचे रूप बदलू लागते आणि मूत्रपिंडे त्याला बाहेर काढू लागतात. रक्तातली औषधाची पातळी निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात; मधुमेहावर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचा रक्तातील अर्धायुकाल सुमारे ६ तासांचा आहे, म्हणजे पातळी एकदा शिखरावर पोहोचल्यावर ६ तासांनी ती निम्मी, १२ तासांनी पाव आणि १८ तासांनी दोन आणे उरते. अशा औषधाची साधी गोळी दिवसातून एकदाच घेतली, तर काही तास रक्तात औषध उदंड आणि उरलेले तास जवळपास नाही, अशी अवस्था होते.

हा चढउतार नुसता गैरसोयीचा असतो असे नव्हे. प्रत्येक औषधाला एक खालची मर्यादा असते, जिच्याखाली ते काम करीत नाही, आणि एक वरची मर्यादा असते, जिच्यापलीकडे ते त्रास देऊ लागते. या दोन मर्यादांमधला पट्टा काही औषधांत रुंद, तर काहींत फार अरुंद असतो. दम्यासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले थिओफिलिन हे अरुंद पट्ट्याचे ठळक उदाहरण होय. रक्तात मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची परंपरेने मानली गेलेली उपयुक्त पातळी. तिच्या खाली दमा आटोक्यात येत नाही आणि वर गेले की मळमळ, उलट्या, छातीत धडधड, आणि फारच वर गेले तर झटकेसुद्धा येऊ शकतात. दम्याचा जोर पहाटे वाढतो, म्हणजे नेमका रात्रीच्या साध्या गोळीचा अंमल ओसरण्याच्या वेळी. थिओफिलिनच्या गोळ्यांपुढे ‘रिटार्ड’ हा शब्द आला तो या पहाटेसाठी.

मराठवाड्यातल्या वाचकाला या कल्पनेचा सर्वांत जवळचा दाखला शेतात सापडेल. ज्या लातूर शहरासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या शेतकऱ्याला मोकाट पाणी आणि ठिबक यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. मोकाट पाण्यात आज वाफा तुंबतो, मुळांना हवा मिळत नाही, बरेचसे पाणी खाली निघून जाते आणि चार दिवसांनी तीच जमीन भेगाळते. ठिबकने तेच पाणी, किंबहुना त्याहून कमी पाणी, मुळाशी ओल कायम ठेवते. खताच्या बाबतीतही हाच विचार आहे. २०१५ पासून देशात युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन पुरवला जातो, कारण निंबोळीतील द्रव्ये जमिनीतल्या काही जिवाणूंचा वेग मंदावतात, नत्राचे निचऱ्यात वाहून जाणारे रूप सावकाश तयार होते आणि पिकाला ते अधिक दिवस पुरते. मात्र हा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि तेथेच औषधशास्त्राचे खरे कसब लागते: ठिबकची नळी जागेवर असते, तर गोळी स्वतःच प्रवासाला निघालेली असते. जठरातल्या तीव्र आम्लातून ती लहान आतड्याच्या जवळजवळ उदासीन रसात जाते, ते सहा-सात मीटरचे अंतर ती साधारण तीन-चार तासांत संपवते आणि मग मोठ्या आतड्यात पोहोचते, जेथे पाणी कमी असते आणि पुष्कळशी औषधे नीट शोषली जात नाहीत. एवढ्या बदलत्या वाटेवर एकसारखा वेग राखणारी वस्तू तयार करायची, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वाधिक वापरले जाणारे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे, आणि त्याचा कच्चा माल मराठवाड्याच्या ओळखीचा आहे. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी झाल्यावरही तिच्या अंगावर आखूड तंतूंची लव चिकटून राहते. ही लव किंवा लाकडाचा लगदा यांतल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून हायप्रोमेलोज नावाची पांढरी, बेचव, शरीरात न पचणारी भुकटी तयार करतात. मेटफॉर्मिनच्या एसआर गोळीत औषधाच्या भुकटीत ही भुकटी मिसळून दोन्ही दाबून एकजीव केलेल्या असतात. काचेच्या एका पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात साधी गोळी आणि दुसऱ्या पेल्यात एसआर गोळी टाकली, तर पहिलीचा थोड्याच वेळात गाळ होऊन तळाशी बसतो. दुसरी मात्र फुटत नाही. तिची कड आधी धूसर होते, मग तिच्याभोवती साबुदाणा भिजावा तसा अर्धपारदर्शक, बुळबुळीत थर चढतो, गोळी फुगून मोठी होते, आणि तासाभराने ती चिमटीत धरून चिरली तर बाहेर जेली आणि मध्ये अजून कोरडा, पांढरा, टणक गाभा दिसतो. पोटात हेच घडते. पाणी त्या जेलीतून आत झिरपते, गाभ्याच्या कडेचे औषध विरघळते आणि त्याच जेलीतून वाट काढीत बाहेर येते. जेलीचा बाहेरचा थर सावकाश झिजत राहतो आणि गाभा लहान लहान होत जातो.

पाणी पिऊन फुगणाऱ्या अशा द्रव्यांशी महाराष्ट्राचा आणखी एक संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचे, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून जेलीसारखे होणारे द्रव्य विकसित झाले. ते कोरडवाहू जमिनीत मुळाशी ओल धरून ठेवण्यासाठी होते. जमिनीत ओल धरणे आणि पोटात औषध धरणे या दोन्हींच्या मागे जाळीदार लांब रेणूंत पाणी अडकण्याची एकच क्रिया आहे.

जेलीतून औषध बाहेर येण्याचा वेग मात्र आरंभापासून अखेरपर्यंत सारखा नसतो. जपानी वंशाचे अमेरिकी शास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी १९६१ साली मलमातून औषध कसे सुटते याचा हिशेब मांडला, आणि तोच पुढे गोळ्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडला. त्या हिशेबानुसार सुटलेले औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: पहिल्या तासात जितके सुटले त्याच्या दुप्पट व्हायला चार तास आणि तिप्पट व्हायला नऊ तास लागतात. कारण उघड आहे; कडेचे औषध आधी निघून जाते आणि आतल्या औषधाला उत्तरोत्तर जास्त जाडीच्या थरातून यावे लागते. काढ्यात वनस्पतीचा अर्क माणूस चुलीवरच पाण्यात उतरवून घेतो, चूर्ण आणि साधी गोळी विरघळवण्याचे काम पोटावर सोपवलेले असते, आणि या गोळीत ते काम गोळीच आपल्या हाती ठेवते, असा हा क्रम लावता येईल. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी दूरवर प्रसिद्ध असल्याने काढा आणि चूर्ण यांची ओळख या भागाला नव्याने करून द्यावी लागत नाही.

मेटफॉर्मिन एसआर रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, त्यालाही शरीराच्या रचनेतले नेमके कारण आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. गोळी तो भाग ओलांडून पुढे गेली की तिच्यात उरलेले औषध मोठ्या प्रमाणात वाया जाते. म्हणून ही गोळी जठरातच रेंगाळावी आणि तेथून औषध थोडे थोडे खाली जात राहावे, अशी योजना असते. जठर अन्नाने भरलेले असताना त्याचे खालचे दार फक्त दोनेक मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढे जाऊ देते, त्यामुळे फुगलेली गोळी अडून राहते; जठर रिकामे असताना मात्र दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट येते आणि जे काही उरले असेल ते पुढे लोटून देते. अमेरिकेत २००० साली मंजूर झालेल्या मेटफॉर्मिन एक्सआरच्या अभ्यासांत अन्नाबरोबर घेतल्यास रक्तात पोहोचणारे एकूण औषध सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि साध्या गोळीत दोन-तीन तासांत येणारे शिखर या गोळीत सातव्या तासाच्या आसपास आले. पातळी सावकाश चढल्यामुळे पोटात मुरडा येणे, मळमळणे, जुलाब होणे या मेटफॉर्मिनच्या नेहमीच्या तक्रारीही अनेकांना कमी जाणवतात. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात, अथवा रमजानच्या महिन्यात, जेवणाच्या वेळा बदलतात तेव्हा गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी लागते ती या कारणाने. गोळी उपाशीपोटी गेली तर ती बिघडत नाही, पण तिचा बराच भाग मुक्कामाच्या जागेपुढे निघून जातो.

जेलीचा मार्ग सर्वत्र वापरला जातो, परंतु तो पहिला नव्हे. १९५२ साली अमेरिकेत आलेल्या ‘स्पॅन्स्यूल’ कॅप्सूलमध्ये शेकडो बारीक दाणे असत. काहींवर लेप नसे, काहींवर पातळ आणि काहींवर जाड लेप असे, त्यामुळे दाण्यांचे गट पाळीपाळीने विरघळत. आजच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेट या हृदयाच्या व बीपीच्या गोळीतही असे स्वतंत्र लेपाचे सूक्ष्म दाणे दाबून बसवलेले असतात. याहून कल्पक योजना कॅलिफोर्नियातल्या अल्झा या कंपनीत १९७०च्या दशकात फेलिक्स थीउवेस यांनी मांडली. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीतून जसे पाणी ओढले जाते, त्याच ओढीवर ती चालते. गोळीभोवती असा पडदा असतो की त्यातून पाणी आत शिरते, पण औषध बाहेर येऊ शकत नाही. पडद्याला लेसर किरणाने एकच सूक्ष्म भोक पाडलेले असते, आणि आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब औषधाला त्या भोकातून तासागणिक एकसारखे ढकलत राहतो. जठराचे आम्ल, आतड्याची हालचाल यांनी या वेगात फारसा फरक पडत नाही.

या योजनेचे महत्त्व निफेडिपिन या बीपीच्या औषधाने ध्यानात आणून दिले. त्याची साधी कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची किंवा चावून गिळण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. बीपी झपाट्याने उतरे, म्हणून तो उपाय नामी वाटे. पण झपाट्याने उतरलेल्या दाबामुळे मेंदूला आणि हृदयालाच रक्त अपुरे पडून पक्षाघाताचे व हृदयविकाराचे झटके आल्याच्या घटना पुढे येत गेल्या, आणि १९९०च्या दशकात तज्ज्ञांनी ही पद्धत थांबवण्याचा आग्रह धरला. तेच निफेडिपिन, भोकाच्या गोळीतून १९८९ पासून मिळू लागल्यावर, दिवसभर सावकाश सुटून अनेकांना उत्तम मानवले. रेणू एकच, आणि एका वेगाने तो धोक्याचा तर दुसऱ्या वेगाने उपयोगाचा. त्याच योजनेचे अपयशही नोंदले पाहिजे: इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाची अशीच गोळी १९८३ साली ब्रिटनमध्ये मागे घ्यावी लागली, कारण ते औषध आतड्यात एकाच जागी तीव्रतेने सुटून काही रुग्णांच्या आतड्यांना जखमा व छिद्रे पडली. औषध सावकाश सोडले की ते आपोआप सौम्य होते, हा समज त्या घटनेने खोटा ठरवला.

घराघरांत होणारी सर्वांत मोठी चूक गोळीची ही घडण मोडण्यात असते, आणि तिचा दोष रुग्णाला देणे अन्यायाचे आहे, कारण त्याला ती कोणी समजावून सांगितलेली नसते. गोळी मोठी असते, म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही, मग सून किंवा मुलगी ती मायेने खलबत्त्यात कुटून मधातून देते; नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला तर कुटल्याशिवाय देताच येत नाही. पण जेलीची गोळी कुटली की जेली बनण्याआधीच तिची घडण नाहीशी होते, आणि बारा किंवा चोवीस तासांसाठी भरलेले औषध तासा-दोन तासांत रक्तात उतरते. आधी माप ओसंडून वाहते आणि नंतर रात्रभर औषधच नसते. बीपीची, फिटची, तीव्र वेदनेची औषधे असतील तर यातून जिवावर बेतू शकते. दारूनेही काही गोळ्यांची घडण मोडते. हायड्रोमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाची एक दीर्घकाळ चालणारी कॅप्सूल दारूबरोबर एकदम मोकळी होते असे दिसल्याने २००५ साली अमेरिकी बाजारातून काढून घेण्यात आली. याला अपवादही आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या ज्या गोळीवर मधोमध रेघ असते ती त्या रेघेवर अर्धी करता येते, कारण प्रत्येक दाण्याला स्वतःचा लेप असतो. मात्र तीही चावायची वा कुटायची नसते. त्याच औषधाचे टार्ट्रेट हे रूप साधे असून सहसा दिवसातून दोनदा घ्यावे लागते, आणि दोन्ही पाकिटांवर मेटोप्रोलॉल ५० असे लिहिलेले असल्याने दुकानात एक नसले की दुसरे हाती पडण्याचा धोका असतो. ज्याला गिळताच येत नाही त्याच्यासाठी साध्या गोळीचे किंवा पातळ औषधाचे वेगळे वेळापत्रक डॉक्टरांकडून मागून घेणे हा योग्य मार्ग होय.

आतड्यात विरघळणाऱ्या लेपाच्या गोळ्यांची गल्लत एसआरशी होते, म्हणून एवढे सांगणे आवश्यक आहे की पॅन्टोप्रॅझॉलसारख्या गोळीचा लेप केवळ जठराचे आम्ल टाळण्यासाठी असतो. ती उशिरा सुटते, सावकाश नव्हे. उलट अमलोडिपिन ही बीपीची गोळी पूर्णपणे साधी असूनही दिवसातून एकदाच पुरते, कारण त्या रेणूचाच अर्धायुकाल ३० ते ५० तासांचा आहे. ज्या औषधाला शरीरच सावकाश सोडते, त्याला महागडी घडण चढवण्याचे कारण नसते, आणि एसआर लिहिले म्हणजे ते अधिक चांगले असे समजून जास्त पैसे मोजण्याचेही नसते. कधी सावकाशपणाच अडचण होतो. युरोपीय संघाने २०१८ साली पॅरासिटामॉलच्या अशा गोळ्यांची विक्री थांबवली, कारण कोणी त्या प्रमाणाबाहेर घेतल्या तर विष रक्तात उशिरापर्यंत उतरत राहते आणि साध्या गोळीसाठी ठरलेल्या तक्त्यावरून उताऱ्याचे माप व वेळ ठरवणे फसते.

गोळीला आतड्याच्या लांबीची मर्यादा आहे. एका दिवसापलीकडे तिला औषध पुरवत राहता येत नाही. आठवडे किंवा महिने औषध पुरवायचे तर ते सुईने स्नायूत किंवा कातडीखाली साठवावे लागते. या प्रकाराची गरज पेनिसिलिनने प्रथम तीव्रपणे जाणवून दिली. पेनिसिलिनचा अर्धायुकाल जेमतेम अर्ध्या तासाचा. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये ज्या पोलीस शिपायावर त्याचा पहिला उपचार झाला, त्याच्या लघवीतून ते गाळून पुन्हा त्यालाच टोचावे लागले होते, तरीही साठा संपला आणि तो वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर मन्‍रो रोमान्स्की यांनी पेनिसिलिन शेंगदाण्याच्या तेलात मधमाशांचे मेण घालून त्यात मिसळले, तेव्हा एका सुईचा अंमल दिवसभर टिकू लागला. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस बेन्झाथिन पेनिसिलिन आले. हा क्षार पाण्यात इतका कमी विरघळतो की नितंबाच्या स्नायूत खोल टोचल्यावर तेथे त्याचा साठा बसतो आणि त्यातून पेनिसिलिनचा बारीकसा झरा तीन आठवड्यांपर्यंत वाहत राहतो. महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले, ही त्या काळची मोठी घटना होती.

बेन्झाथिन पेनिसिलिनचा खरा उपयोग संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा धोक्यात आलेल्या मुलांना होतो. घशाला विशिष्ट जंतूचा संसर्ग झाला की अशा मुलाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती झडपांवर उलटते, आणि प्रत्येक नव्या संसर्गाने झडपेची हानी वाढते; म्हणून तो संसर्ग होऊच न देण्यासाठी दर २१ दिवसांनी ही सुई वर्षानुवर्षे, पुष्कळदा तरुणपणापर्यंत किंवा त्याही पुढे, घ्यावी लागते. वर्षाला सतरा सुया. मोठ्या मुलाला एका वेळी १२ लाख युनिट, म्हणजे घट्ट पांढरा द्राव, जो बारीक सुईत अडकतो आणि टोचताना फार दुखतो. पण याच औषधाच्या रोजच्या गोळ्या देण्याचा पर्याय पाहिला, तर एखाद्या तांड्यावरच्या किंवा ऊसतोडीला कुटुंबासह जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्षाला सातशेच्या वर गोळ्या न चुकता घेतल्या जाव्यात अशी अपेक्षा करावी लागेल. सतरा दिवसांची हजेरी मागणारे औषध आणि रोज दोन वेळची हजेरी मागणारे औषध यांत मुलाच्या आयुष्याइतका फरक पडू शकतो.

मानसिक आजारातही असेच आहे. हॅलोपेरिडॉल या औषधाला एका स्निग्ध आम्लाशी जोडून, तिळाच्या तेलात विरघळवून स्नायूत टोचले, तर ते तेलातून हळूहळू सुटते आणि एक सुई साधारण चार आठवडे पुरते. ज्या घरात रोज गोळी देण्यावरून रुग्ण आणि नातेवाईक यांच्यात ताण होतो, तेथे महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन घेतलेल्या सुईने घराची शांतता परत येते. सरकारी केंद्रांतून २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने मिळणारे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शनही साठ्याचेच. त्यात संप्रेरकाचे सूक्ष्म स्फटिक पाण्यात मिसळलेले असतात. मात्र टोचलेला साठा काढून घेता येत नाही, हे त्याच्या लाभाइतकेच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. हॅलोपेरिडॉलने अंग आखडले तर ते आठवडे टिकू शकते, आणि ‘अंतरा’ थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत यायला शेवटच्या सुईपासून सर्वसाधारणपणे सात ते दहा महिने लागतात. हे आधी न सांगता दिलेली सुई ही स्त्रीच्या संमतीशिवाय दिलेली सुई होय.

इन्सुलिनची कथा हीच, पण रोजची. डेन्मार्कच्या हान्स हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये माशाच्या वीर्यातील प्रोटामिनशी इन्सुलिन बांधून त्याचा वेग कमी केला, आणि १९४६ मध्ये त्यातून आजही वापरात असलेले एनपीएच इन्सुलिन तयार झाले. ते गढूळ असते, स्फटिक तळाशी बसतात, म्हणून बाटली न हिंदकळता तळहातांत फिरवून सारखी केली नाही तर एका दिवशी पाणचट आणि दुसऱ्या दिवशी दाट डोस जातो. २००० साली आलेले ग्लार्जिन बाटलीत आम्लामुळे नितळ राहते आणि कातडीखाली गेल्यावर तेथील उदासीन रसात त्याचे बारीक स्फटिक होऊन तेथून ते दिवसभर सुटते. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनशी एका सिरिंजमध्ये मिसळायचे नसते. मराठवाड्यापुरते पाहिले तर वोक्हार्ट कंपनीने २००३ साली बाजारात आणलेले जनुकतंत्राचे मानवी इन्सुलिन औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, प्रकल्पाशी जोडलेले आहे. साठ्याच्या औषधांना उन्हाचा जाच दुहेरी असतो. फ्रिज नसलेल्या घरात बाटली ओल्या कापडात गुंडाळलेल्या माठात पाणी न लागेल अशी ठेवणे हा चांगला उपाय आहे. पण टोचल्यावरही तापलेल्या कातडीतून रक्त वेगाने वाहते आणि इन्सुलिन अपेक्षेआधी उतरते. कर्करोगाच्या वेदनेसाठी कातडीवर चिकटवायच्या फेंटानिलच्या पट्टीलाही हेच लागू आहे. ती लावलेल्या भागावर शेक घेणे, किंवा ती लावून मे महिन्याच्या दुपारी रानात काम करणे, धोक्याचे ठरू शकते.

गोळ्यांच्या बाबतीत शेवटी एक गोष्ट राहते, आणि तिच्यापायी कित्येक रुग्ण औषध बंद करतात. रात्री जेवणाबरोबर घेतलेली मेटफॉर्मिनची किंवा भोकाची गोळी आतड्याचा सारा मार्ग संपवून एक-दोन दिवसांनी शौचातून बाहेर पडते तेव्हा काही वेळा ती अख्खीच्या अख्खी दिसते: आकार तोच, रंगही जवळपास तोच. गोळी पचली नाही, पैसे पाण्यात गेले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या गोळीतले औषध वाटेतच सुटून गेलेले असते. उरलेले ते न पचणारे कवच किंवा सरकीच्या लवेपासून आलेली मऊ जेली, आणि तिला काडीने दाबले तर ती आतून रिकामी व पोकळ लागते.